घासलेले चाप

मामंजी, घुशींचे चाप काळ्या पाण्यात निवत पडलेत. उद्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही हे तुमचंच सांगणं, म्हणून दुपारची मी मोकळी आहे. माझ्या नातवाची अर्धी कोरी वही सापडली, ती घेऊन मागच्या पडवीत बसले आहे. समोर गुळाची जुनी काहील, तिच्यावर पोतं टाकलेलं, आणि पोत्याच्या कडेनं अजून थोडी थोडी वाफ निघते आहे. बाभळीच्या सालीचा तो तुरट वास तुम्हाला आठवत असेल का, कोण जाणे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. ऊस तुऱ्यावर आलाय. वारा नाही, तरी तुरे हलतात. अशा दुपारी मला नेहमी वाटतं की तुम्ही कालव्याच्या अंगानं येताय, खांद्यावर फावडं आणि चप्पल हातात. भरावावरून चालताना तुम्ही चप्पल हातात का घ्यायचात, हे मी कधी विचारलं नाही. न विचारलेलं पुष्कळ आहे. न सांगितलेलं मात्र एकच आहे, आणि तेवढ्यासाठी ही वही घेतली.

मी जळोचीची. आमच्याकडे पितळेची भांडी चिंचेनं घासून दारात उपडी घातली की शेजारच्या बायका येताजाता त्यांची बुडं बघायच्या. बुडाला काळं दिसलं की त्या घरच्या पोरीचं काही खरं नसायचं. मी त्यात तरबेज होते. लग्न होऊन निरवांगीच्या या वस्तीवर आले तेव्हा बरोबर फार काही आणलं नव्हतं, घासायची हौस तेवढी आणली होती. तुम्ही पाटकरी. कालव्याच्या फाट्याच्या काठानं रोज मैल न् मैल पायी जायचं, पाळीनं पाणी सोडायचं, बंद करायचं आणि मुख्य म्हणजे मातीचा भराव सांभाळायचा. भरावाची वैरीण घूस. मांजराएवढी ती घूस आतून बीळ करत जाते, पाणी सुटलं की बिळात शिरतं आणि बघता बघता फाटा फुटतो. म्हणून तुमचे ते लोखंडी चाप: दोन दातेरी जबडे, खाली कमान, मधे पत्र्याची चकती. घुशीचा पाय चकतीवर पडला की खटका. बावड्याच्या लोहाराकडून घडवून घेतलेले ते तीस-पस्तीस चाप गोठ्यामागच्या छपरात तारेला ओळीनं टांगलेले असायचे. काळेकुट्ट, मेणचट. तुमच्या टप्प्यात फाटा कधी फुटला नाही असं गावात सगळे सांगायचे, पण त्याचा त्या काळ्या रंगाशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. मला ते पहिल्या दिवसापासून मळलेले वाटत होते. घरात बाईमाणसाचं लक्ष नसलं की पुरुषांच्या वस्तू अशाच राहतात, असं मी मनाशी म्हणायची. वीस वर्षांची होते हो मी. केवढी शहाणी!

लग्नानंतरची पहिलीच खंडेनवमी. सासूबाई बावड्याला, वन्संच्या बाळंतपणाला. हे त्यांना सोडायला गेले ते तिथंच दोन दिवस राहिले. जाताना सासूबाई बजावून गेल्या होत्या, "हत्यारं समदी घासूनपुसून ठेव बरं का. पूजेला काय कमी पडाय नगो." तुम्ही सकाळीच कचेरीच्या कामानं इंदापूरला गेलात. मी विळे घासले, कोयते घासले, पहार, कुदळ, फावडी, सगळं करून दहाच्या आत हात मोकळे. मग छपराकडं लक्ष गेलं. तेसुद्धा हत्यारच ना. एकेक चाप काढून आणला. चिंच लावली तर लागेना, पाणी वरून घरंगळून जाई, इतका त्यांना चिकटा. मग मी हार मानणारी थोडीच! मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं, धुण्याचा सोडा टाकला, त्यात चाप सोडले. पाण्यावर मेण तरंगून आलं तेव्हा तर मला हसूच आलं, म्हटलं किती वर्षांचा हा मळ. मग चिंच, राख, विटेचा चुरा आणि काथ्या. दात्यांच्या खाचांतून बोट घालघालून घासले. ऊन डोक्यावर आलं, कललं, मला पत्ता नाही. आजही डोळे मिटले की ते दिसतं: अंगणात शेणानं सारवलेल्या जमिनीवर चापांच्या ओळी, एकेक चाप रुप्याचा झालेला, प्रत्येकावर हळदकुंकवाची बोटं आणि झेंडूचं एक फूल. वस्तीवर चिटपाखरू नाही. मी एकटीच त्या ओळींमधून फिरते आहे. इतकी खूश मी लग्नातही नव्हते.

तुम्ही संध्याकाळी आलात. सायकल भिंतीला लावलीत आणि तिथंच उभे राहिलात. मी पदर सावरून कौतुकाची वाट बघत दारात.

"ह्ये कुणी केलं?"

"मी, मामंजी."

"समदं?"

"हो, सगळे. एक पण सोडला नाही. त्यांना लई मेण बसलं होतं, सोडा घातला तेव्हा निघालं."

तुम्ही पायरीवर बसलात. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीत. बराच वेळ तुम्ही त्या चापांकडं बघत होतात आणि मी तुमच्याकडं. माझ्या काहीतरी लक्षात यायला लागलं होतं, पण काय ते कळत नव्हतं. मग तुम्ही म्हणालात, "हात बघू." मी हात पुढं केले. चिंचेनं सोलपटलेले, दात्यांनी कापलेले. तुम्ही उठून स्वयंपाकघरात गेलात. सुनेच्या स्वयंपाकघरात तुम्ही कधी पाऊल ठेवत नव्हता, तरी गेलात, डबे हुडकून हळद आणलीत आणि माझ्या तळहातावर टाकून म्हणालात, "लाव. उद्या भाकरी मी थापतो." आणि खरंच थापल्यात. एक बाजू कच्ची, एक जळकी. आपण दोघांनी दसऱ्याला त्या खाल्ल्या.

पाणी दसऱ्यानंतर दोन दिवसांनी सुटणार होतं. चाप परत काळे करायचे तर बाभळीची साल भिजवायला दोन दिवस, उकळायला एक, निववायला रात्र, मग मेण, मग चार दिवस वाऱ्यावर. एवढा वेळ कुठला? हे हिशेब मला पुढं कितीतरी वर्षांनी कळले. त्या वेळी एवढंच दिसलं की तुम्ही ते चकचकीत चाप पोत्यात भरून नेलेत आणि बिळांच्या तोंडाशी लावलेत. आठवड्यात ते तांबडे झाले. काठावरची ओल, पहाटेचं दव, आणि उघडं लोखंड. चकत्या जाम झाल्या. घुशी त्यावरून चालत गेल्या असतील खुशाल. दुसऱ्या आठवड्यात वळणापाशी फाटा फुटला. माणूस, जनावर कुणाला काही झालं नाही, पण पलीकडच्या मळ्यातली उसाची नवी लागण मातीसकट वाहून गेली. तुम्ही दिवसभर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पोती रचत होता.

चौथ्या दिवशी कचेरीतले साहेब घरी आले. ओसरीवर बसले. मी आत चहा टाकलेला, दाराआड उभी. त्यांनी गंजका चाप हातात धरून विचारलं, "हे असे कसे झाले? इतकी वर्षं तुमचे चाप कधी गंजले नाहीत."

"म्याच घासलं सायेब," तुम्ही म्हणालात. "खंडेनवमी हुती. म्हणलं समदी हत्यारं लख्ख करावी. अक्कल न्हाय राह्यली आता."

"अहो, तुम्ही? नव्या पोरांना तुम्ही शिकवता, आणि तुम्हीच?"

"व्हय. म्याच."

चहा उतू गेला. मी फडक्यानं ओटा पुसला, दुसरा चहा ठेवला आणि कपबशी बाहेर नेऊन दिली. साहेबांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तुमच्या सेवापुस्तकात शेरा बसला आणि फाट्यावरनं उचलून तुम्हाला इंदापूरच्या कचेरीत बसवलं, निवृत्तीपर्यंत. पाण्याच्या काठानं चालणारा माणूस दीड वर्ष एका खुर्चीवर. सुट्टीच्या दिवशी तुम्ही फाट्यावर जाऊन उभे राहायचात, आणि नवा पाटकरी दिसला की दुसरीकडं बघायचात. हे सगळं माझ्यामुळं झालं. असं सरळ वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

सासूबाई बावड्याहून आल्या त्या तुमच्यावर कडाडल्याच. "म्हातारचळ लागला व्हय तुमास्नी? चाप काय पूजेची भांडी हायती?" तुम्ही मान खाली घालून तंबाखू मळत होता. मी पीठ चाळत होते. चाळण हलवत राहिले. आज सांगू, उद्या सांगू, सासूबाईंचा राग निवल्यावर सांगू. राग निवला आणि त्याची गंमत झाली. सोयरेधायरे आले की हेच. "आमच्या आबांनी म्हातारपणी चाप घासले." आणि लगेच पुढं, "सून मात्र हाताची स्वच्छ मिळाली हां!" माझी भांडी लख्ख म्हणून मी गुणाची, आणि तुमचे चाप लख्ख म्हणून तुम्ही खुळे. हे एका बैठकीत, एका दमात बोलायचे लोक. आणि मी पदर तोंडाला लावून हसायची. गंमत एकदा मुरली की ती मोडायला वाघाचं काळीज लागतं, माझं तर सशाचंही नव्हतं.

मग तुम्ही निवृत्त झालात, आणि मग त्या दुपारी आल्या. त्या किती होत्या कुणास ठाऊक, मला आता एकच लांबलचक दुपार आठवते. तुम्ही घरात कुणाला नाही, मला हाक मारता. "ये गं, बस. बघ नुसतं." तुम्ही बाभळीची साल दगडानं ठेचताय. काहिलीत पाणी लालसर होतं, मग चहासारखं, मग तळ दिसेनासा होतो. चाप आधी सोड्यात धुवायचे म्हणजे लोहाराचं तेल जातं, मग आठ दिवस उघड्यावर दवात ठेवून त्यांच्यावर तांबूस पडदा येऊ द्यायचा, फार नाही, हळदीला कुंकू लागावं इतका, तरच साल लोखंडाला धरते. हे ऐकून मी तुमच्याकडं बघितलं होतं. थोडा गंज हवाच असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. मग सालीच्या पाण्यात दिवसभर. बाहेर काढायचे ते तारेच्या आकड्यानं, हातानं नाही. "घुशीला आपला वास आपल्या आधी कळतो," तुम्ही म्हणता. ऊस सगळीकडून उभा, त्याच्या भिंतींच्या मधे आपण दोघं, वाफ, कुठंतरी मोटार चालल्याचा एकसुरी आवाज. तुम्ही बोलता बोलता मधेच थांबता आणि कान देता. पाण्याची पाळी सुरू झालेली तुम्हाला इथं बसून ऐकू येते. मला काही ऐकू येत नाही, पण मी हो म्हणते. मला झोप येते, तुम्हाला येते, काहील जागी असते.

मेणाच्या वेळी मात्र तुम्ही एकदा ओरडलात. आपल्याच बाभळीवरच्या पोळ्याचं मेण, त्यात थोडी पांढरी मेणबत्ती. मी चाप बुडवला आणि लगेच वर काढला, तर त्याच्यावर मेणाचा जाड पांढरा थर बसला. "घाई कसली? कोन पळून चाललंय?" तुम्ही माझ्या हातातून आकडा हिसकून घेतलात. "चाप मेणाएवढा तापू दे आधी! गार लोखंडावर मेण बसत न्हाय, नुसतं चिकटतं. दोन दिसांत सोलून निघंल." तुमचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. मला रडू आलं. सासूबाई आतून म्हणाल्या, "पोरीवर कशाला डाफरताय?" त्यांना काय ठाऊक मी का रडते ते. मला बरं वाटलं होतं, मामंजी. इतक्या वर्षांनी का होईना, तुम्ही मला चापावरून रागावलात.

त्याच धीरानं मी दुसऱ्या दिवशी तोंड उघडलं. चाप वाऱ्यावर टांगत होतो. मी म्हटलं, "मामंजी, त्या दसऱ्याला मी ..." तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "त्येवढं सोडून बोल." आणि पुढचा चाप मागायला हात पुढं केलात. मी दिला. परत कधी तो विषय काढला नाही. तुम्ही बोलू दिलं नाहीत असं मी स्वतःला सांगत आले. सोयीचं होतं ते.

काल घरी पंधरावीस माणसं आली होती. हल्ली ठिबकच्या नळ्या उंदीर-घुशी कुरतडतात, विषाच्या गोळ्या टाकल्या की घुबडं आणि मांजरं मरतात, म्हणून तुमच्या नातवानं, म्हणजे माझ्या लेकानं, शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकलं की आमच्या आईचे चाप बघायला या. बारामतीहून शेतकी शिकणाऱ्या दोन मुलीपण आल्या, वही-पेन घेऊन. मी सगळं दाखवलं, साल, सोडा, तांबूस पडदा. "गंज म्हणजे वाईटच असं न्हाय," असं तुमच्यासारखं बोलूनसुद्धा दाखवलं. एकीनं विचारलं, "काकू, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, सासऱ्यांनी. आणि तुमचा नातू लगेच पुढं सरसावला.

"पन आमच्या आबांनीच एकदा चाप राखेनं घासलं बरं का! लख्ख! घुशी त्यात बघून भांग पाडत हुत्या म्हणं. शेवटी फाटा फुटला."

सगळे हसले. हे हसले, सूनबाई हसली. ती मुलगी वहीत लिहून घेऊ लागली. तिचं पेन चाललेलं मला दिसत होतं. आजवर ही गोष्ट नुसती बोलली जायची, काल ती कागदावर गेली. "पण इतके जाणते असून त्यांनी का घासले असतील?" तिनं विचारलं. "म्हातारपन, दुसरं काय," नातू म्हणाला. तेव्हा तिनं माझ्याकडं मान वळवली. "काकू, तुम्ही होता ना तेव्हा घरात?"

तीसच्या वर वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते, आणि कुणी विचारला नव्हता. माझ्या हातात आकडा होता, आकड्याला चाप, चापातून काळं पाणी ठिबकत होतं.

"होते की," मी म्हटलं. "स्वयंपाकघरात."

आणि हसले. कालही हसले, मामंजी.

आता ओसरीवर तिघं बसलेत, तुमचा मुलगा, नातू आणि नातसून. चहाची वेळ झाली, मी आत का येत नाही म्हणून हाका सुरू आहेत. सांगायचं ते त्यांना आहे. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला सगळं माहीतच होतं. ज्या एका माणसाला हे कळवायची गरज नाही, त्यालाच मी पानंच्या पानं लिहीत बसले आहे. मघाशी वाटलं, ती गंमत सांगतात म्हणून तरी या घरात अजून तुमचं नाव निघतं, ती खोटी ठरली तर तेही बंद होईल. कारण चांगलं आहे, पण ते मी आत्ता लिहिता लिहिता शोधलं. खरं कारण लाजिरवाणं आहे. मला सून आली, माझा नातू शाळेला जातो, आणि तरी मला या घरातली स्वच्छ हाताची सूनच राहायचं आहे.

पानं फाडून काहिलीखालच्या विस्तवात टाकीन. तेवढी धग अजून असेल. पण त्याआधी एक लिहू दे. साहेबांना उत्तर द्यायच्या आधी तुम्ही आतल्या दाराकडं बघितलं होतं. क्षणभरच, पण बघितलं होतं. मी बाहेर आले असते तर तुम्ही अडवलं नसतं. मी आले नाही, कारण तुम्ही माझं नाव घेणार नाही याची मला खात्री होती. हे सगळं आज तुम्हालाच लिहिलं, तेही त्याच खात्रीवर.